१२ सागरी मैलांच्या आतला समुद्रतळ: मालकी केंद्राची की किनारी राज्याची?

(टोपणनावांनी झालेली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कलमदान

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने समुद्रातल्या खनिजांचे १३ ब्लॉक पहिल्यांदाच लिलावाला काढले. त्यात केरळसमोरचे बांधकामाच्या वाळूचे ३, गुजरातसमोरचे चुन्याच्या गाळाचे ३ आणि ग्रेट निकोबारजवळचे बहुधातुक गोटे व कवचांचे ७ होते. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने विरोधाचा ठराव एकमताने केला. पण त्या ठरावाने कायद्याच्या दृष्टीने काहीही हललं नाही. २००२ चा सागरी खनिज कायदा आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती यांत राज्याची संमती घ्यावी लागेल अशी तरतूद नाही. रॉयल्टी पूर्ण केंद्राकडे जाते.

याचं मूळ संविधानाच्या कलम २९७ मध्ये आहे. प्रादेशिक समुद्र (किनाऱ्यालगतचे १२ सागरी मैल), समुद्रबूड जमीन (किनाऱ्यापुढे पाण्याखाली पसरलेला खंडाचा भाग) आणि आर्थिक क्षेत्र (२०० सागरी मैलांपर्यंतचं) यांखालची जमीन, खनिजं व इतर मौल्यवान वस्तू केंद्राच्या. १९५० मध्ये हे कलम फक्त प्रादेशिक समुद्रापुरतं होतं. १९६३ च्या १५ व्या दुरुस्तीने समुद्रबूड जमीन आली, १९७६ च्या ४० व्या दुरुस्तीने आर्थिक क्षेत्र आलं.

माझं म्हणणं असं की आधाररेषेपासून (समुद्राची हद्द जिथून मोजतात ती रेषा, साधारणपणे ओहोटीची) १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे २२.२ किमीपर्यंतचा तळ राज्यांना द्यावा. त्यापुढचा केंद्राकडेच राहू दे. कारणं तीन.

या पट्ट्यातली मासेमारी राज्याच्या यादीत आहे, नोंद २१. केंद्राच्या यादीतली नोंद ५७ प्रादेशिक समुद्राच्या *पलीकडच्या* मासेमारीची आहे. म्हणजे पाण्यातला बोंबील राज्याचा आणि तो ज्या गाळावर जगतो तो गाळ केंद्राचा. एकाच जागेचं नियोजन दोन धन्यांनी करायचं, तेही एकमेकांना न विचारता.

दुसरं, उपशामुळे किनारा खचला तर धूपप्रतिबंधक बंधारा, पुनर्वसन, मच्छीमारांची नुकसानभरपाई हे सगळं राज्याच्या तिजोरीवर येतं.

तिसरं, आंतरराष्ट्रीय कायदा आडवा येत नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातलं कलम २ सांगतं की किनारी देशाचं सार्वभौमत्व प्रादेशिक समुद्र, त्यावरचं आकाश आणि त्याखालचा तळ यांवर आहे. देशाने आत ते कोणाकडे सोपवायचं याबद्दल करार काही म्हणत नाही. अमेरिकेत १९५३ च्या कायद्याने ३ मैलांपर्यंतचा तळ राज्यांना मिळाला, टेक्सासला आणि फ्लोरिडाच्या आखाती बाजूला तर ९ मैल. ऑस्ट्रेलियात १९८० च्या कायद्यांनी ३ मैल राज्यांकडे गेले. आपल्याकडे का नको?

आधाररेषा

करार देशाच्या अंतर्गत वाटणीबद्दल गप्प आहे, हे खरं. पण त्याचा अर्थ वाटणी बिनधोक आहे असा होत नाही. बाहेरच्या जगासमोर जबाबदार फक्त भारत सरकार असतं. उद्या एखाद्या राज्याने दिलेल्या परवान्यातून समुद्रतळ उकरताना दुसऱ्या देशाच्या मालकीची समुद्राखालची दूरसंचार केबल तुटली किंवा परदेशी जहाजाच्या निर्दोष मार्गक्रमणात (कोणाला त्रास न देता आपल्या समुद्रातून जाण्याच्या हक्कात) अडथळा आला, तर "ते राज्याचं खातं आहे" हे उत्तर कुठल्याही लवादासमोर चालत नाही. अंतर्गत कायद्याची सबब पुढे करून करार मोडता येत नाही, हा मूलभूत नियम आहे.

एन्रिका लेक्सी या इटालियन जहाजाचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१२, किनाऱ्यापासून २०.५ सागरी मैल. इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले आणि केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे केरळला अधिकारच नाही, खटला केंद्राने विशेष न्यायालयात चालवावा. शेवटी २०२० मध्ये हेगच्या लवादाने नौसैनिकांना संरक्षण असल्याचं म्हटलं, खटला इटलीकडे गेला आणि भारताच्या वाट्याला नुकसानभरपाई आली. ती १० कोटी ठरली. राज्याने आधी हात घातल्यामुळे पहिलं जवळपास वर्ष अधिकारक्षेत्राच्या वादातच गेलं. ही घटना १२ मैलांच्या बाहेरची होती हे मला मान्य आहे. मुद्दा असा की समुद्रात अधिकाराची रेषा जितकी तुटक, तितकी वादाला जागा जास्त.

अमेरिकेचा दाखलाही अर्धाच दिलात. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाविरुद्ध निकाल दिला होता की किनाऱ्यालगतच्या समुद्रावर श्रेष्ठ अधिकार केंद्राचे, कारण संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राचे. १९५३ चा कायदा हा त्यावर संसदेने केलेला राजकीय तोडगा होता, आणि त्यातही जलवाहतूक, संरक्षण, व्यापार यांचे अधिकार केंद्राने राखून ठेवले. ऑस्ट्रेलियातही उच्च न्यायालयाने (तिथलं ते सर्वांत वरचं न्यायालय) १९७५ मध्ये केंद्राच्याच बाजूने निकाल दिला, मग १९७९ ची तडजोड झाली. १९९० मध्ये प्रादेशिक समुद्र १२ मैलांचा केला तेव्हा राज्यांचा पट्टा ३ मैलांवरच ठेवला. १२ मैल राज्यांना द्या, ही तुमची मागणी या दोन्ही दाखल्यांतल्या ३ मैलांच्या चौपट आहे.

केबलचा व्यावहारिक मुद्दा वेगळाच आहे. समुद्रबूड जमिनीवर केबल टाकायचं स्वातंत्र्य करारातल्या कलम ७९ प्रमाणे सर्व देशांना आहे, पण १२ मैलांच्या आत किनारी देशाची परवानगी लागते. मुंबईत वर्सोव्याला किती केबल उतरतात ते पाहा. आजच परवानग्यांच्या चकरा नौदल, दूरसंचार, गृह, पर्यावरण अशा चालतात. त्यात तळाचा मालक म्हणून राज्याचा महसूल विभाग बसवला की दुरुस्तीच्या जहाजाला आणखी एक सही लागणार. केबल तुटल्यावर दुरुस्तीला दिवस मोजून लागतात, परवानगीला आठवडे.

आणि बॉम्बे हायचं नाव अजून कोणी घेतलं नाही, तोवर सांगून टाकतो. ते मुंबईपासून सुमारे १६० किमीवर आहे, म्हणजे ८६ सागरी मैल. १२ मैलांची मागणी मान्य झाली तरी तिथलं एक पिंपही महाराष्ट्राचं होत नाही.

दर्यावर्दी

मासेमारीच्या बाजूने एक भर. रेषा १२ मैलांवर आहे म्हणून काय होतं याचा नमुना पर्ससीन प्रकरणात दिसला. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती फिरवून तळाशी आवळायचं मोठं जाळं. तमिळनाडूने आपल्या हद्दीत त्यावर बंदी घातली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात १२ मैलांपलीकडे, आठवड्यातले दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात परवानगी दिली. पण नौका बंदरातून निघून राज्याच्या हद्दीतूनच जाते आणि परत येते. जाळं आत टाकलं की बाहेर, हे सिद्ध करायला नौकेवरचा मागोवा-यंत्रणेचा संच चालू असावा लागतो. तो बंद असेल तर गस्तीनौकेला प्रत्यक्ष जाळं पाण्यात असतानाच गाठावं लागतं.

आपल्याकडे १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन बेकायदा एलईडी मासेमारीला (दिव्याने मासे ओढून) आणि बुल ट्रॉलिंगला (दोन नौकांनी एक जाळं ओढून) ५ ते २० लाखांपर्यंत दंड आला. कायदा कडक झाला, पण १२ मैलांच्या पट्ट्याला पुरतील इतक्या गस्तीनौका कुठे आहेत? तळाची मालकी मिळाली तर त्यावर पहारा कोण ठेवणार, हे कलमदान यांनी आधी सांगावं. वाळूचोर खाडीत आवरत नाहीत.

नकाशेवाला

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताहेत, की किनाऱ्यापासून पुढचा सगळा तळ आज केंद्राचा आहे. तसं नाही.

कलम २९७ "प्रादेशिक समुद्राखालच्या" तळाबद्दल बोलतं. प्रादेशिक समुद्र सुरू होतो आधाररेषेपासून. आधाररेषेच्या *आतलं* पाणी म्हणजे अंतर्गत जल, आणि ते या शब्दांत बसत नाही. उलट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २० वाचा. भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारची मालमत्ता आहे, असं तिथे लिहिलं आहे. दोन्ही एकत्र वाचायचे तर भरतीरेषेपासून आधाररेषेपर्यंत राज्य, तिथून पुढे केंद्र.

आता ही आधाररेषा जाते कुठून? करारातल्या कलम ५ ची नेहमीची पद्धत म्हणजे अधिकृत मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरची ओहोटीची रेषा. किनारा फार दंतुर असेल किंवा लगत बेटांची रांग असेल तर कलम ७ प्रमाणे सरळ रेषा जोडता येतात. बंदराचे सर्वांत बाहेरचे कायमचे बांधकाम कलम ११ प्रमाणे किनाऱ्याचाच भाग धरलं जातं, पण समुद्रातली स्वतंत्र फलाटं आणि कृत्रिम बेटं नाही. भारताने मे २००९ मध्ये अधिसूचना काढून आधाररेषेचे बिंदू अक्षांश-रेखांशांसह जाहीर केले. त्यात सरळ रेषाही आहेत. जिथे सरळ रेषा ओहोटीच्या रेषेपेक्षा समुद्रात पुढे गेली, तिथे मधला पट्टा अंतर्गत जल झाला.

उपसागरांसाठी वेगळी कसोटी आहे, कलम १०. मुखाच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा, त्या व्यासावर अर्धवर्तुळ काढा. आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्याच्याइतकं किंवा जास्त असेल तरच तो कायद्याने उपसागर. मुख ५ किमीचं असेल तर अर्धवर्तुळ सुमारे ९.८ चौ. किमीचं येतं. पाणी ८ चौ. किमी भरलं तर तो कायद्याच्या लेखी साधा बाक, ओहोटीची रेषा किनाऱ्याच्या कडेकडेनेच जाणार. कसोटी पार झाली आणि मुख २४ सागरी मैलांपेक्षा अरुंद असेल तर मुखावर रेषा ओढून आतलं सगळं अंतर्गत जल.

हे रत्नागिरीच्या लोकांनी नीट वाचावं. काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांच्या तळातल्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जुन्या सर्वेक्षणांपासून माहीत आहे. ते साठे मुखरेषेच्या आत आहेत की बाहेर, यावर २००२ चा सागरी खनिज कायदा लागू होतो की जमिनीवरच्या खाणींचा १९५७ चा कायदा, हे ठरतं. पहिल्यात राज्य कुठेच नाही. दुसऱ्यात खनिजाच्या मालकाला रॉयल्टी मिळते. इल्मेनाइट अणुखनिजांच्या यादीत असल्याने खाणकामावर केंद्राचा लगाम राहीलच, पण पैसा कोणाच्या खात्यात पडणार हा प्रश्न नकाशावरच्या एका रेषेवर अवलंबून आहे.

तेव्हा संविधान दुरुस्तीच्या आधी राज्याने करायचं काम साधं आहे. २००९ च्या बिंदूंवरून महाराष्ट्राच्या किनाऱ्याची अंतर्गत जलाची सीमा काढा, त्यातल्या तळाची महसुली नोंद करा. हे आजच्या कायद्यात बसतं.

आधाररेषा

नकाशेवाला यांचा मुद्दा धारदार आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. सरळ आधाररेषा हे आंतरराष्ट्रीय कामासाठी काढलेलं साधन आहे, इतर देशांना आपली हद्द कुठून मोजायची ते सांगण्यासाठी. केंद्राने काढलेल्या एका अधिसूचनेने केंद्राचीच मालमत्ता राज्याला मिळाली, असा अर्थ न्यायालय सहज लावणार नाही. १९५० ला जो तळ प्रादेशिक समुद्राखाली होता तो त्या दिवशी केंद्राकडे गेला. नंतर रेषा सरकली म्हणून तो परत कसा येईल? हाच तर्क उलट लावून पाहा. गाळ साचून किंवा भराव घालून किनारा पुढे सरकला तर राज्याची जमीन वाढते, मग केंद्राची कमी होते का? मालकी अशी भरती-ओहोटीसारखी हलती ठेवली तर कुठलाच भाडेपट्टा टिकणार नाही.

खाड्यांपुरतं मात्र कलम २० लागू आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता कलमदान यांना एक प्रश्न. १२ मैल राज्यांना दिले तर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातली समुद्रातली रेषा कोण काढणार? झाई-बोरीगावपासून समुद्रात किती अंशांनी जायचं? तिथून थोडं उत्तरेला केंद्रशासित प्रदेशातलं दमण. दक्षिणेला तेरेखोलच्या मुखाशी गोवा. आज मासेमारीच्या कायद्यांमुळे अंदाजाने काम चालतं, कारण मासा पळतो आणि वाद दंडावर मिटतो. वाळू जागची हलत नाही आणि तिची किंमत टनांत मोजली जाते.

कलमदान

रेषेचं उत्तर तयार आहे. कॅनडात नोव्हा स्कोशिया आणि न्यूफाउंडलंड यांच्यात नेमका हाच वाद होता. लवाद नेमला, दोन्ही प्रांत जणू स्वतंत्र देश आहेत असं धरून आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लावली आणि २००२ मध्ये रेषा आखून दिली. लगतच्या किनाऱ्यांमध्ये समान अंतराची रेषा काढायची पद्धत सगळ्या जलसर्वेक्षकांना येते: दोन्ही बाजूंच्या आधाररेषेवरच्या सर्वांत जवळच्या बिंदूंपासून सारखं अंतर असलेले बिंदू जोडत जायचं, मग एखादं बेट किंवा बांधकाम रेषेला अकारण ढकलत असेल तर दुरुस्ती करायची. २२ किमी लांबीची रेषा आहे, काही महिन्यांचं काम.

पहाऱ्याबद्दल दर्यावर्दी बरोबर बोलले. पण साधनं कमी आहेत म्हणून हक्क नको, हे मला पटत नाही. रॉयल्टी आली तरच नौका येतील. आज खर्च राज्याचा आणि उत्पन्न दुसऱ्याचं, अशा स्थितीत कुठलं अर्थखातं गस्तीनौकेला पैसे देईल?

वाळूमाप

मालकीवर इतकं बोलणं झालं, पण उपसा म्हणजे प्रत्यक्षात काय हे कोणी सांगितलं नाही. त्यावरून उत्तर बदलतं, म्हणून लिहितो.

शोषण-उपसा करणारं जहाज पाइप खाली सोडून तळावरची वाळू पाण्यासकट ओढतं, पोटात साठवतं, जादा पाणी बाहेर सोडतं. या बाहेर पडणाऱ्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो लोट प्रवाहाबरोबर वाहतो आणि खाली बसतो तेव्हा तळावरचे जीव, अंडी, शिंपल्या झाकून टाकतो. कोकणात पावसाळा सोडला तर पाणी त्या मानाने शांत असतं, तेव्हा लोट कुठे बसेल ते भरतीच्या प्रवाहावर ठरतं. उत्तरेला, पालघरकडे, भरती-ओहोटीचा फरक आणि प्रवाह दोन्ही जास्त, तिथे लोट लांब जातो.

किनारा खचण्याचं गणित खोलीवर आहे. लाटा ज्या खोलीपर्यंत तळाची वाळू पुढे-मागे हलवतात, त्या खोलीच्या आत खड्डा केला तर किनाऱ्यावरची वाळू तो खड्डा भरायला खाली येते. पुळण आटते, मग माडांच्या मुळांशी पाणी येतं. त्या मर्यादेबाहेर, खोल पाण्यात, हा थेट परिणाम राहत नाही, पण मोठा खड्डा लाटांची दिशा वळवतो आणि एखाद्या ठिकाणी लाटा एकवटतात. कोकणातल्या पुळणी दोन डोंगरकड्यांच्या मध्ये अडकलेल्या, एकेकट्या. त्यांना शेजारून वाळूचा पुरवठा जवळपास नाही. गेली ती गेली.

म्हणजे धोक्याचा पट्टा किनाऱ्याला चिकटून आहे, १२ मैलांचा पूर्ण नाही. महाराष्ट्राचा किनारा ७२० किमी धरला तर १२ मैलांचा पट्टा ढोबळमानाने १६ हजार चौ. किमी होतो, ३ मैलांचा ४ हजार. राज्याला खरोखर जपायचा आहे तो हा दुसरा. त्यासाठी मालकी कशाला? राज्याच्या लेखी संमतीशिवाय ठरावीक खोलीच्या आत परवाना नाही, एवढी एक ओळ २००२ च्या कायद्यात घाला. आधी मूळ तळाचं सर्वेक्षण, मग उपसा चालू असताना ठरावीक अंतराने पुन्हा खोलीमापन, आणि मर्यादा ओलांडली की काम बंद.

सीआरझेड २०१९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, ओहोटीरेषेपासून १२ मैलांपर्यंतचं पाणी आणि तळ चौथ्या वर्गात आहेच. राज्याचं किनारा व्यवस्थापन प्राधिकरण तिथे शिफारस करतं. पण ते प्राधिकरण केंद्राच्या अधिसूचनेने बनतं आणि शिफारस म्हणजे संमती नव्हे, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

हिशेबनीस

मालकी आणि पैसा वेगळे करता येतात, याची दोन उदाहरणं.

अमेरिकेत ३ मैलांच्या पुढचा तळ केंद्राचा. तरी राज्याच्या रेषेपासूनच्या पुढच्या ३ मैलांतल्या तेल-वायूच्या उत्पन्नाचे २७ टक्के राज्याला मिळतात, कारण साठा रेषेखालून दोन्हीकडे पसरलेला असतो. आखातातल्या चार राज्यांना २००६ च्या कायद्याने काही क्षेत्रांतल्या उत्पन्नाचे ३७.५ टक्के मिळतात.

न्यूफाउंडलंड १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं, तळ केंद्राचा ठरला. पुढच्याच वर्षी करार झाला: संयुक्त मंडळ कारभार पाहील आणि प्रांत उत्पन्न असं घेईल जणू साठा जमिनीवर आहे. न्यायालयात हरलेल्या प्रांताला वाटाघाटीत उत्पन्न मिळालं.

आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीने सागरी खनिज न्यास आला, रॉयल्टीच्या एक तृतीयांशापर्यंतची रक्कम त्यात जाते आणि बाधितांवरही खर्च करता येते. पण न्यास केंद्राचा. वाढवण बंदराचं सूत्र याहून बरं आहे: ७४ टक्के जेएनपीए (केंद्राचं जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण), २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळ. राज्य तिथे अर्जदार नाही, भागीदार आहे. समुद्रातल्या खनिजांत हे सूत्र का नाही?

शिवाय नुकसानभरपाईसाठी तळाची मालकी लागत नाही. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज केरळसमोर बुडालं, १२ मैलांच्या बाहेर. केरळने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवून घेतलं. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईपासून सुमारे २० मैलांवर ६० हजार टन कोळसा घेऊन राक कॅरियर बुडालं. त्यात दावा एका नागरिकाने हरित न्यायाधिकरणात लढवला आणि २०१६ मध्ये १०० कोटींची पर्यावरण भरपाई ठरली. केरळने १४ वर्षांनी जे केलं ते महाराष्ट्राला तेव्हाही करता आलं असतं.

कलमदान

वाळूमाप यांची संमतीची ओळ मला मान्य आहे, आणि ती १२ मैलांच्या मालकीपेक्षा लवकर मिळू शकते हेही मान्य. पण हिशेबनीस यांच्या वाट्याच्या सूत्राला माझा विरोध राहील. राज्याला टक्केवारी मिळाली की उपसा वाढावा अशीच राज्याचीही इच्छा होते. मग नाही म्हणणारा कोण उरला? संमतीचा अधिकार एका खात्याकडे आणि रॉयल्टीचा वाटा दुसऱ्याकडे असं कायद्यातच लिहून ठेवावं लागेल. मासेमारी खात्याने सही दिल्याशिवाय खनिकर्म खात्याला पैसा नाही.

दर्यावर्दी

मासेमारी खात्याचीही सही पुरेशी नाही. ज्या गावांच्या डोल जाळ्यांच्या (प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायच्या) खुंटांच्या जागा त्या ब्लॉकमध्ये पडतात, त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्थांची यादी आधी करा आणि ब्लॉकच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मराठीत, लिलावाच्या आधी, प्रत्येक बंदरावर लावा. या जागा कुठल्याच नकाशावर नाहीत. त्यांची नोंद झाली तरच संमती कोणाची घ्यायची ते कळेल.

आधाररेषा

नोंदीला माझा पाठिंबा. मात्र ती राज्य-केंद्राच्या भांडणाची कागदपत्रं म्हणून नव्हे, तर भारतीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर चढवण्यासाठी करा. जहाजांचे कप्तान तेच नकाशे वापरतात. तिथे खुंटांचं क्षेत्र छापलं गेलं तर उपशाचं जहाज, केबलचं जहाज आणि परदेशी व्यापारी जहाज तिघांनाही ते एकाच वेळी दिसेल. संविधान दुरुस्ती होवो न होवो.